फोन घरी ठेवला, बंद केला किंवा मुळात नसलाच, तर स्मार्टवॉच किती कामाचे?

उंबरठा (धागाकर्ता)

माझे वडील सत्तरी ओलांडलेले असून सकाळ-संध्याकाळ एकटेच फिरायला जातात. त्यांच्याकडे स्मार्टफोन आहे, पण तो बहुतेक वेळा टेबलावरच असतो. खिशात जड लागतो आणि हातात धरला तर पडेल अशी धास्ती त्यांना वाटते. मनगटावरचे घड्याळ मात्र ते झोपतानाही काढत नाहीत. वाटेत काही झालेच तर त्यांना आमच्याशी बोलता यावे आणि ते नेमके कुठे आहेत हे आम्हाला कळावे, एवढ्यासाठी स्मार्टवॉच घेण्याचा विचार आहे.

जाहिरातींमध्ये ‘कॉलिंगची सोय’, ‘अंगभूत जीपीएस’, ‘फोनशिवाय वापरा’ असे दावे सर्रास दिसतात आणि त्यांपैकी कोणता कोणत्या परिस्थितीत खरा ठरतो, हे वाचून उलगडत नाही. म्हणून प्रश्न तीन भागांत विचारतो. फोन घरी चालू आहे आणि घड्याळ बाहेर आहे, तर काय चालते? फोन बंद पडला आहे, तर काय चालते? आणि फोन मुळातच नाही, तर असे घड्याळ घेण्यात अर्थ आहे का? अनुभवी आणि जाणकार सदस्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

तरंगलांबी

आपण तीन स्थिती वेगळ्या केल्या हे फार बरे झाले, कारण या विषयातला बहुतेक गोंधळ त्या एकत्र केल्यामुळेच होतो. मी दूरसंचार क्षेत्रात काम करतो, त्यामुळे आधी संपर्काच्या बाजूने लिहितो.

‘ब्लूटूथ कॉलिंग’ असे लिहिलेले घड्याळ स्वतः फोन लावत नाही. फोन लावतो तो आपला मोबाइलच. घड्याळातला माइक आणि स्पीकर त्या मोबाइलचे कान आणि तोंड म्हणून काम करतात. ब्लूटूथचा भरवशाचा पल्ला साधारण १० मीटरचा, मध्ये भिंती असतील तर त्याहूनही कमी. वडील घराच्या कोपऱ्यावरून वळले की असे घड्याळ कॉलच्या दृष्टीने मुके होते. आपल्या गरजेसाठी हा प्रकार पहिल्याच फेरीत बाद करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याला हवे आहे ते सेल्युलर किंवा एलटीई जोडणी असलेले, म्हणजे फोरजी मोबाइल जाळ्याशी स्वतः जोडले जाणारे घड्याळ. ही कल्पना जुनी आहे. सॅमसंगने २०१४ मध्ये आणलेल्या गिअर एस या घड्याळात सिमकार्डासाठी खाच होती आणि थ्रीजी जोडणीही होती. पुढे २०१६ मध्ये गिअर एस२ क्लासिकच्या थ्रीजी आवृत्तीत ई-सिम (उपकरणातच कायमचे बसवलेले सिम) आले, आणि अ‍ॅपलने सप्टेंबर २०१७ मध्ये आपल्या घड्याळाच्या सीरीज ३ या मॉडेलपासून एलटीई दिले. आज नामांकित कंपन्यांच्या सेल्युलर घड्याळांत ई-सिमच असते, म्हणजे सिम बदलून पाहण्याची सोय उरत नाही. ते चालू करण्यासाठी आपल्या मोबाइल सेवा कंपनीकडे घड्याळासाठीची योजना असावी लागते. सर्वसाधारण पद्धत अशी आहे की घड्याळ आणि फोन एकाच कंपनीच्या सेवेवर असतात आणि दोन्हींवर एकाच क्रमांकाचे कॉल येतात. खरेदीच्या आधी घड्याळाच्या नेमक्या मॉडेलचे नाव सांगून सेवा कंपनीकडे चौकशी करावी, कारण एखाद्या प्रदेशासाठी बनवलेले मॉडेल दुसऱ्या प्रदेशातल्या लहरपट्ट्यांवर चालेलच असे नसते. परदेशातून कोणी भेट म्हणून आणलेल्या घड्याळांच्या बाबतीत ही अडचण हमखास उद्भवते.

लांबपल्ला

मी नियमित लांब पल्ल्याचे धावतो आणि फोन सोबत नेत नाही, तेव्हा संपर्काखेरीज घड्याळ एकट्याने काय काय करते ते लिहितो.

पावले मोजणे, मनगटावर हिरवा प्रकाश टाकून हृदयाचे ठोके मोजणे, गजर, स्टॉपवॉच, आधीच साठवून ठेवलेली गाणी ब्लूटूथ हेडफोनवर ऐकणे आणि (आधी उतरवून घेतले असतील तर) नकाशे पाहणे, या सगळ्यासाठी फोनची गरज नसते. जीपीएसलाही मोबाइलचे जाळे लागत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संकेत घड्याळ केवळ ऐकते. किमान चार उपग्रह सापडले की त्याला आपले ठिकाण ठरवता येते.

तरीही फोनचा हात इथेसुद्धा असतो, आणि तो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला अवघे ५० बिट इतक्या संथ गतीने पाठवतो. एका उपग्रहाची नेमकी कक्षा समजून घ्यायला त्यामुळे सुमारे ३० सेकंद अखंड संकेत मिळावा लागतो, आणि सगळ्या उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटे जातात. फोनशी किंवा वाय-फायशी जोडलेले घड्याळ ही माहिती इंटरनेटवरून आधीच उतरवून ठेवते, म्हणून बाहेर पडताच काही सेकंदांत त्याला ठिकाण सापडते. बरेच दिवस जोडणी झाली नसेल तर मोकळ्या जागी उभे राहून वाट पाहावी लागते. झाडांची दाटी किंवा उंच इमारती असतील तर ही प्रतीक्षा आणखी लांबते, कारण संकेत मध्येच तुटला की तो तुकडा पुन्हा ऐकावा लागतो.

धावणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवतो. गार्मिन कंपनीची अनेक घड्याळे यूएसबी केबलने संगणकाला जोडून त्यांच्या संगणकावरील प्रणालीतून सुरू करता येतात, नोंदी उतरवता येतात आणि घड्याळाची प्रणाली अद्ययावतही करता येते. ज्यांना कॉल नको आहेत, फक्त व्यायामाच्या नोंदी हव्या आहेत, त्यांना स्मार्टफोन नसतानाही असे घड्याळ व्यवस्थित वापरता येते. याउलट काही स्वस्त घड्याळांत स्वतःचे जीपीएसच नसते. ती फोनचे जीपीएस उसने घेतात आणि जाहिरातीत मात्र ‘जीपीएस’ एवढेच ठळक छापलेले असते.

कुतूहल

तरंगलांबी यांनी सेल्युलर घड्याळाविषयी लिहिले आहे, त्यात एक महत्त्वाची भर घालायची आहे. फोन दूर असणे आणि फोन बंद असणे यांत फार मोठा फरक पडतो.

अ‍ॅपलचे उदाहरण घेतो, कारण मी तेच वापरतो. घड्याळ आधी ब्लूटूथने फोन शोधते, तो नसेल तर ओळखीचे वाय-फाय शोधते आणि तेही नसेल तरच एलटीई वापरते. हा क्रम बॅटरी वाचवण्यासाठी ठेवलेला आहे. फोन घरी चालू असेल आणि मी बाहेर असेन तर कॉल, संदेश आणि सूचना सगळे घड्याळावर येते. फोन पूर्ण बंद असेल तर सेल्युलर योजनेवरचे कॉल चालतात, अ‍ॅपलच्या स्वतःच्या सेवेवरचे संदेशही येतात. पण साधे एसएमएस आणि इतर कंपन्यांच्या अ‍ॅपच्या सूचना घड्याळावर येण्यासाठी जोडलेला आयफोन कुठेतरी चालू आणि इंटरनेटशी जोडलेला असावा लागतो, असे कंपनीनेच सांगितलेले आहे. फोन शेजारी असण्याची गरज नाही, तो जिवंत मात्र असला पाहिजे. म्हणजे फिरायला निघताना वडिलांच्या फोनची बॅटरी संपलेली असेल आणि आपण त्यांना एसएमएस पाठवला, तर तो पोचेल असे गृहीत धरू नये. त्यांना फोनच लावावा.

अ‍ॅपच्या बाबतीतही हेच आहे. वेअर ओएस या गूगलच्या घड्याळांसाठीच्या प्रणालीसाठी २०२३ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपचे स्वतंत्र अ‍ॅप आले आणि एलटीई असलेल्या घड्याळावर ते फोन जवळ नसतानाही चालते. परंतु ते फोनवरच्या मूळ खात्याला जोडलेले उपकरण म्हणून चालते, आणि मूळ फोन १४ दिवसांपेक्षा अधिक काळ वापरला गेला नाही तर जोडलेली उपकरणे आपोआप बाहेर काढली जातात. माझ्या मते स्वतंत्रपणाची खरी मर्यादा अँटेनात नसून खात्यांत आहे. घड्याळाला जाळे मिळते, पण ओळखपत्र फोनचेच दाखवावे लागते.

शाईपेन

धागाकर्त्यांचा तिसरा प्रश्न, म्हणजे फोन मुळातच नसणे, यावर अजून कोणी लिहिलेले नाही. हाच भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण अनेक ज्येष्ठांकडे खरोखरच स्मार्टफोन नसतो.

नामांकित कंपन्यांची कॉल करणारी घड्याळे सुरू करायलाच स्मार्टफोन लागतो, आणि तोही त्यांच्या पसंतीचा. अ‍ॅपलचे घड्याळ आयफोनशिवाय सुरू होत नाही. अँड्रॉइड फोन त्याला चालत नाही. सॅमसंगच्या २०२१ पासूनच्या वेअर ओएस घड्याळांना अँड्रॉइड फोन लागतो, तिथे आयफोन चालत नाही. टायझन प्रणालीच्या जुन्या सॅमसंग घड्याळांत फोनशिवाय वापरण्याचा एक मर्यादित पर्याय सुरुवातीलाच दिसत असे, पण ती पिढी आता मागे पडली आहे.

मात्र एक मार्ग आहे आणि तो पुरेसा माहीत नाही, याचे मला वाईट वाटते. अ‍ॅपलने २०२० मध्ये वॉचओएस ७ या घड्याळाच्या प्रणालीसोबत कुटुंबातील व्यक्तीसाठी घड्याळ लावून देण्याची सोय आणली. तिच्यात मुलगा किंवा मुलगी आपल्या आयफोनवरून आईवडिलांचे घड्याळ सुरू करून देते. त्यानंतर त्या घड्याळाला स्वतःचा क्रमांक आणि स्वतःचे खाते असते आणि रोजच्या वापरासाठी ज्येष्ठांकडे फोन असण्याची गरज राहत नाही. त्यासाठी सेल्युलर मॉडेलच लागते, सीरीज ४ किंवा त्यानंतरचे अथवा एसई. सेवा कंपनीने घड्याळासाठी वेगळा क्रमांक देण्याची सोय केलेली असावी लागते. एक क्रमांक दोन्हीकडे चालवणारी प्रत्येक कंपनी हीसुद्धा सोय देतेच असे नाही. शिवाय या पद्धतीत काही गोष्टी मिळत नाहीत: ईसीजी, हृदयाच्या अनियमित लयीची सूचना आणि रक्तातील ऑक्सिजनची मोजणी त्यात नसते. हृदयाच्या देखरेखीसाठीच घड्याळ घ्यायचे असेल तर हा मार्ग अपुरा पडेल; हाक मारता यावी एवढाच हेतू असेल तर तो उत्तम आहे.

उंबरठा (धागाकर्ता)

इतक्या नेटक्या उत्तरांबद्दल मनापासून आभार. वडिलांकडे फोन आहे, त्यामुळे आमची स्थिती पहिल्या प्रकारात येते, पण फोन चार्ज करायला ते विसरतात, म्हणून दुसरी स्थितीही गृहीत धरावी लागेल.

आता दोन गोष्टी अधिक नेमक्या विचारतो. पडल्याचे ओळखून घड्याळ स्वतः फोन लावते असे म्हणतात, ते फोन जवळ नसतानाही होते का? आणि एलटीईवर बॅटरी किती टिकते?

तरंगलांबी

पडल्याचे ओळखणे हे काम घड्याळातले संवेदक करतात, त्याला फोन लागत नाही. पुढचा कॉल मात्र कोणत्या ना कोणत्या जाळ्यातूनच जाणार. अ‍ॅपलच्या घड्याळात जोराने पडल्याची नोंद झाली की ते मनगटावर ठोके देऊन विचारते, आणि सुमारे एक मिनिट हालचाल झाली नाही तर उलटी मोजणी करून आपत्कालीन सेवेला कॉल लावते. नंतर ठरवून ठेवलेल्या नातेवाइकांना ठिकाणासह संदेश पाठवते. सेल्युलर नसलेल्या मॉडेलमध्ये हे सर्व घडण्यासाठी फोन जवळ असावा लागतो किंवा ओळखीच्या वाय-फायवर कॉलची सोय चालू असावी लागते. उघड्या रस्त्यावर यांपैकी काहीच नसते. खात्यातले वय ५५ किंवा अधिक असेल तर ही सोय आपोआप चालू राहते, परंतु जन्मतारीख भरताना कोणी भलतेच वर्ष टाकलेले असेल तर ती बंदच राहील. घड्याळ लावून देताना सेटिंगमध्ये जाऊन ते स्वतः तपासावे. मनगटावर ठोके जाणवल्यावर काय दाबायचे, हेही वडिलांना दोन-तीनदा करून दाखवावे. नाहीतर किरकोळ अडखळल्यावरही कॉल जाईल आणि दुसऱ्याच दिवशी ते घड्याळ काढून ठेवतील.

बॅटरीचा प्रश्न रास्त आहे. फोनमध्ये चार-पाच हजार मिलीअँपिअर-तास क्षमतेची बॅटरी असते, घड्याळात साधारण तीनशे-चारशेची. दूरच्या मनोऱ्यापर्यंत संकेत पोचवण्याचे काम मात्र दोघांना सारखेच करावे लागते, आणि घड्याळाची अँटेना इवलीशी असून त्वचेला चिकटलेली असते. शरीर संकेताचा काही भाग शोषून घेते. म्हणून जिथे फोनला जेमतेम जाळे मिळते तिथे घड्याळाला ते मिळेलच असे नाही, आणि मिळाले तरी त्यासाठी जास्त जोर लावावा लागल्याने बॅटरी भराभर उतरते. सीरीज ३ च्या वेळी अ‍ॅपलनेच दिलेले आकडे बोलके होते: फोनशी जोडलेले असताना ३ तास बोलता येई, एलटीईवर केवळ १ तास. नंतरच्या मॉडेलमध्ये सुधारणा झाली आहे, पण हे प्रमाण मनात ठेवावे. सकाळ-संध्याकाळच्या फेरफटक्याला एलटीई सहज पुरते. दिवसभर फक्त त्याच्यावर विसंबून राहायचे असेल तर दुपारी एकदा चार्ज करण्याची सवय लावावी लागेल.

दुपारवेळ

सर्वांनी नामांकित घड्याळांबद्दलच लिहिले आहे. बाजारात पूर्ण अँड्रॉइड प्रणालीची घड्याळेही मिळतात. त्यांत साधे नॅनो सिम बसते, ती सुरू करायला फोन लागत नाही आणि त्यांत थेट स्वतःच्या क्रमांकावर व्हॉट्सअ‍ॅप घेता येते. फोनपासून स्वतंत्र कोण, असे विचारले तर तांत्रिकदृष्ट्या उत्तर तेच आहे. मग त्यांचा विचार का करू नये?

शाईपेन

तांत्रिकदृष्ट्या आपले म्हणणे बरोबर आहे आणि ज्याला प्रयोग करायची हौस आहे त्याने ती जरूर घ्यावीत. पण या धाग्यातल्या गरजेसाठी मी ती सुचवणार नाही, आणि कारणे नीट सांगतो. ही खरे तर मनगटाला बांधलेले छोटे फोनच असतात. फोनची पूर्ण प्रणाली लहानशा बॅटरीवर चालत असल्याने ती लवकर संपते, घड्याळ जाड आणि वजनदार होते, आणि पडद्यावरची अक्षरे व बटणे ज्येष्ठांच्या बोटांसाठी फारच बारीक असतात. त्यांपैकी अनेकांमध्ये जुनी अँड्रॉइड आवृत्ती असते आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या कधीच येत नाहीत. खाते, संपर्क आणि ठिकाण ज्यात साठणार त्या उपकरणाबद्दल ही गोष्ट गंभीर आहे.

त्यात आणखी एक मेख आहे. एलटीईवरून आवाजाचे कॉल करण्यासाठी व्हीओएलटीई लागते आणि ते त्या सेवा कंपनीच्या जाळ्यावर मान्य झालेले असावे लागते. ते नसेल तर घड्याळ कॉलसाठी जुन्या टूजी किंवा थ्रीजी जाळ्याकडे वळते. जिथे ती जाळी बंद झाली आहेत तिथे इंटरनेट चालते पण साधा कॉल लागत नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये मोठ्या कंपन्यांची थ्रीजी सेवा बंद झाली, तेव्हा कॉलसाठी केवळ थ्रीजीवर विसंबलेली उपकरणे अशीच निकामी झाली. आपत्कालीन कॉलसाठी घेतलेले उपकरण ऐन वेळी कॉलच लावणार नसेल, तर त्याचे बाकीचे स्वातंत्र्य काय कामाचे?

पाटीपेन्सिल

लहान मुलांच्या घड्याळांचा उल्लेख राहिला आहे. त्यांत सिम असते, ठरावीक क्रमांकांवरच बोलता येते आणि ठिकाण पालकांच्या फोनवर दिसते. मुलाकडे फोन नसला तरी चालते. काही जण हीच घड्याळे ज्येष्ठांसाठीही घेतात. त्यांनी एक लक्षात ठेवावे की अशा काही घड्याळांत पलीकडून गुपचूप आवाज ऐकण्याची सोय होती, आणि जर्मनीच्या दूरसंचार नियामक संस्थेने नोव्हेंबर २०१७ मध्ये अशी सोय असलेल्या मुलांच्या घड्याळांवर बंदी घातली. माहिती कुठे साठते आणि ती कोणाला दिसते हे विचारल्याशिवाय अनोळखी नावाचे घड्याळ घरात आणू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. वडिलांच्या सुरक्षेसाठी घेतलेले घड्याळ त्यांच्या नकळत त्यांचे बोलणे दुसऱ्याला ऐकवणारे असता कामा नये.

लांबपल्ला

नोंदींबाबत थोडेसे. ज्यांना फोन फारसा जोडायचा नाही त्यांनी घड्याळ किती दिवसांची माहिती साठवते ते पाहावे. फिटबिट कंपनीच्या बहुतेक मनगटी पट्ट्यांत मिनिटागणिक तपशील ७ दिवस आणि रोजच्या बेरजा ३० दिवस राहतात. त्यानंतर जुने पुसले जाते.

उंबरठा (धागाकर्ता)

आता निर्णय सोपा झाला आहे. सेल्युलर मॉडेलच घेणार, वडिलांच्या सध्याच्या फोनशी जुळणारे आणि त्यांच्याच सेवा कंपनीच्या योजनेवर चालणारे. घेतल्यावर फोन पूर्ण बंद करून, घरातल्या वाय-फायच्या बाहेर जाऊन एक कॉल करून आणि एक घेऊन पाहणार. त्यांच्या नेहमीच्या वाटेवर जिथे फोनला जाळे क्षीण मिळते तिथेही घड्याळ तपासणार. आणखी काही तपासायचे राहते आहे का?

कुतूहल

एक राहते, आणि आपल्या मूळ हेतूशी त्याचा थेट संबंध आहे. वडिलांचे ठिकाण आपल्याला कोणत्या उपकरणावरून कळणार ते पाहा. आज ते फोनमधल्या एखाद्या अ‍ॅपवरून आपल्याला ठिकाण कळवत असतील, तर फोन टेबलावर असताना नकाशावर ते टेबलच दिसत राहील. वडील कितीही दूर गेले तरी आपल्याला ते घरीच आहेत असे वाटेल. अ‍ॅपलच्या सेल्युलर घड्याळात, घड्याळ मनगटावर असेल आणि आयफोनच्या पल्ल्याबाहेर गेले असेल, तर ठिकाण घड्याळावरून कळवले जाते. इतर कंपन्यांच्या बाबतीत हे अ‍ॅपनुसार बदलते, म्हणून गृहीत धरू नका. वडिलांना घड्याळासह रोजच्या वाटेवर पाठवा, त्यांचा फोन घरी चालू ठेवा आणि आपल्या फोनच्या नकाशावरचा बिंदू त्यांच्याबरोबर सरकतो का ते पाहा. मग तेच फोन बंद ठेवून पुन्हा करून पाहा, आणि दोन्ही वेळा काय दिसले ते इथे जरूर लिहा. सॅमसंग किंवा दुसरे कोणते घड्याळ घेतलेत तर आपल्या नोंदीचा पुढे वाचणाऱ्यांना फार उपयोग होईल.